गवत कुणाचं, राखण कुणाची

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिला 'माणूस आणि माळरान', आणि मी बोलणार आहे अमेरिकेतल्या ॲरिझोनाबद्दल. पत्रिका वाचून काहीजण सोलापूरच्या माळढोक पक्ष्यासाठी आले असतील. त्याच्यापर्यंत येऊ, पण जरा वळसा घालून.

ॲरिझोनाचा आग्नेय कोपरा, त्याला लागून न्यू मेक्सिकोचा नैर्ऋत्य कोपरा आणि खाली मेक्सिकोची सरहद्द. इथे सुमारे 8 लाख एकरांचा एक पट्टा आहे, गोव्यापेक्षा थोडा लहान. एवढ्या जागेत शंभर कुटुंबंही राहत नाहीत. पाऊस आपल्या माणदेशापेक्षा कमी, आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. आपल्या सॉक्समध्ये घुसून टोचणारं कुसळी गवत तिथेही उगवतं. तेव्हा मुलूख परका असला तरी पायाखालचं गवत ओळखीचं आहे.

इथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं पाळणारे लोक राहतात. रँच म्हटलं की आपल्याला सिनेमातला घोडा आणि टोपी आठवते. प्रत्यक्षातला रँचर दिवसाचा बराच वेळ तुटलेली तार सांधण्यात, पाण्याचा पाइप कुठे फुटला ते शोधण्यात आणि कर्जाचा हिशेब जुळवण्यात घालवतो. निम्मी जमीन त्याची स्वतःची, निम्मी सरकारी, चराईसाठी भाडेपट्ट्याने घेतलेली. म्हणजे वनखात्याशी रोजची गाठ.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही मूळची चिरिकाहुआ अपाचे या आदिवासी लोकांची भूमी. त्यांचा लढवय्या नेता जेरोनिमो याने 1886 मध्ये शेवटची शरणागती पत्करली ती याच पट्ट्यातल्या स्केलेटन कॅन्यनमध्ये. रँचरांचं कौतुक करताना हे गाळून चालणार नाही. अपाचे गेले, रेल्वे आली आणि गुरांचे कळप बेसुमार वाढले. 1890 नंतरच्या दुष्काळात ती गुरं हजारोंनी मेली, पण तोवर गवताची रया गेली होती.

गवत गेलं तिथे मेस्किट आलं. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड. आपली वेडी बाभूळही अमेरिका खंडातूनच आणलेली. तिकडे या झुडपाला पूर्वी आग आवरून धरायची. पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडायची, माळ पेटायचा, गवत वरून जळायचं. गवताची मुळं शाबूत असल्याने पाऊस पडला की माळ पुन्हा हिरवा. मेस्किटचं बोटभर रोप मात्र त्या आगीत मरायचं. एकदा का ते मोठं झालं, की जाळलं तरी बुंध्यातून फुटतं. पुढे गुरांनी माळ इतका खरवडला की पेटायला काही उरेना. शिवाय दिसेल ती आग विझवायची असं सरकारी धोरण झालं. 1935 मध्ये तर अमेरिकी वनखात्याने दंडकच घातला: आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आग थांबली आणि मेस्किटला रान मोकळं मिळालं.

1991 मध्ये या भागात अशीच एक आग लागली. ज्यांच्या जमिनीवर लागली ते म्हणत होते, जळू द्या, आम्हाला हवी आहे. वनखात्याने ती विझवली. त्याच सुमाराला वॉर्नर आणि वेंडी ग्लेन यांच्या माल्पाई रँचवर शेजाऱ्यांच्या बैठका सुरू होत्या. आश्चर्य म्हणजे तिथे पर्यावरणवाद्यांनाही बोलावलं होतं, आणि गुरं माळावरून हटवा असं म्हणणाऱ्यांचा तो काळ होता. दोन्ही बाजूंना समान शत्रू सापडला तो म्हणजे प्लॉटिंग. हो, तिकडेही आहे ते! रँच विकली की तिचे तुकडे पडतात, बंगले उभे राहतात, आणि बंगल्यांशेजारी कुणी आग लागू देत नाही.

या लोकांनी पहिलं काम केलं ते नकाशाचं. आपल्या जमिनीवर आग लागली तर कुठे जळू द्यायची, कुठे लगेच विझवायची, कुठे आधी बघून ठरवायचं, हे प्रत्येकाने नकाशावर दाखवलं. मला ही साधी गोष्ट फार मोठी वाटते. जमिनीवर रोज वावरणाऱ्या माणसाचं मत आग लागण्याआधीच कागदावर आलं. 1994 मध्ये 'माल्पाई बॉर्डरलँड्स ग्रुप' रीतसर स्थापन झाला. त्याचं नेतृत्व करणारे बिल मॅकडोनाल्ड हे स्वतः रँचर, त्यांना 1998 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली. आगही हळूहळू परत आली. 2003 मध्ये 40 हजार एकरांहून अधिक माळ आखणी करून जाळला. त्याआधी वर्षानुवर्षं अडलं होतं ते रॅटलस्नेक या विषारी सापाच्या एका दुर्मीळ जातीपायी. तो आगीत मरेल का, यावर खात्याखात्यांत खल चालला होता.

हे ऐकून कुणी सह्याद्रीत काडी लावू नका! आपले वणवे माणूस लावतो, वेळी-अवेळी लावतो. तिकडची आग वर्षानुवर्षांच्या आखणीनंतरची आहे.

दुसरी युक्ती गवताच्या पेढीची. ग्रे रँच नावाची 3 लाख एकरांहून मोठी रँच 1990 मध्ये एका निसर्ग-संस्थेने विकत घेतली आणि पुढे ती स्थानिक प्रतिष्ठानाकडे गेली. दुष्काळात ज्याच्या रानातलं गवत संपलं, त्याने आपली गुरं तिकडे न्यायची आणि स्वतःच्या जमिनीला काही वर्षं विश्रांती द्यायची. चराईचं मोल पैशात चुकवायचं नाही. त्याऐवजी आपल्या जमिनीचे तुकडे पाडणार नाही, असा कायमचा कायदेशीर करार लिहून द्यायचा. रँचर मंडळी भाबडी नव्हती. सरकारने त्यांचा काही दोष नसताना चराईचा भाडेपट्टा काढून घेतला, तर करार रद्द, हे कलमही त्यात आहे. जमीन राखीन, पण जगण्याचं साधन तुम्ही काढून घेतलं तर माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. मला यात स्वार्थ दिसत नाही, व्यवहार दिसतो.

आता दोन प्राण्यांच्या गोष्टी. 1990 च्या दशकातल्या दुष्काळात एका रँचवरचं गुरांच्या पाण्याचं तळं आटायला लागलं. त्यात चिरिकाहुआ लेपर्ड फ्रॉग होता, ठिपक्याठिपक्यांचा दुर्मीळ बेडूक. त्या कुटुंबाने टँकरने पाणी आणून बेडकांसाठी तळं जागतं ठेवलं, आठवड्याला हजारभर गॅलन. कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता. उलट दुर्मीळ प्राणी सापडला की जमिनीवर निर्बंध येतात, म्हणून कितीतरी लोक असलं काही गुपचूप निपटून टाकत. या कुटुंबाने बेडूक आपल्या तळ्यातला म्हणून जगवला.

दुसरी गोष्ट मार्च 1996 ची. वॉर्नर ग्लेन पेलोन्सिलो डोंगरात शिकारी कुत्रे घेऊन माउंटन लायनच्या, म्हणजे प्यूमा या मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्याच्या, मागावर होते. कड्यावर कुत्र्यांनी घेरलेला निघाला जग्वार, अमेरिकेत जवळजवळ दिसेनासा झालेला. ग्लेन यांनी बंदूक ठेवली, कॅमेरा काढला. फोटो लपवले नाहीत, छापले. पुढे ग्रुपने जग्वारने मारलेल्या गुरांच्या भरपाईसाठी निधी उभा केला.

आता माळढोक. 1979 मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं, कागदावर 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोक पक्ष्यावर चिडले. पुढे क्षेत्र कापून 1,222 वर आणलं, आणि माळढोक आज तिथे क्वचितच दिसतो. सरकारी नोंदीत माळ म्हणजे पडीक, म्हणून आपण त्यावर सुबाभूळ, गिरिपुष्प लावत सुटलो. गवताच्या जागी झाडं लावणं हे पुण्य वाटतं ना! चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी यांना ती सावली नको आहे. या सगळ्यात ज्याला कुणी विचारलं नाही तो धनगर. पवन्या गवत कधी पिकतं, मारवेल गवत कुठे टिकतं, लांडग्याची जोडी कोणत्या ओढ्याला आहे, हे त्याला पाठ असतं. शेतकरी त्याची मेंढरं रानात बसवतो, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेल्या कळपाच्या लेंड्या आणि मूत थेट खत म्हणून मिळतात, त्याचे पैसे किंवा धान्य देतो. वनखात्याच्या कागदावर मात्र हाच माणूस अवैध चराईवाला.

एक चिठ्ठी आलीय, वाचतो: 'हे मोठ्या जमीनवाल्यांना जमतं. आमचं गायरान चाळीस एकर, त्यात अतिक्रमण. आम्ही काय करायचं?' प्रश्न रास्त आहे. गवताची पेढी तुम्हाला जमणार नाही, नकाशा जमेल. गायरानाचा नकाशा काढा, त्यावर कुठे गवत राखायचं, कुठे चारायचं, कुठली वेडी बाभूळ आधी काढायची ते लिहा. त्या बैठकीला वनरक्षक हवा, शेतकरी हवा आणि मेंढपाळ हवाच. 2006 च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीवरच्या भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य आहे, तो कागदही सोबत ठेवा. आणि बैठक मेंढपाळाचा वाडा, म्हणजे त्याच्या कळपाचा मुक्काम, तुमच्या शिवारात असेल तेव्हा घ्या. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तो कदाचित कोकणात असेल.