माजलाय की खचलाय?

नमस्कार मंडळी. वर्षानुवर्षं किशोरवयीन मुलांचं ऐकून घेणं हेच माझं काम, त्यामुळे आज बोलायला उभं राहताना जरा अवघडल्यासारखंच होतंय.

पंधरा वर्षांचा एक मुलगा. दोन मारामाऱ्या, एक सायकलचोरी. समोर बसून नुसता जॅकेटची चेन वर-खाली करत होता. सहज विचारलं, "विशीत काय करत असशील रे?" चेन थांबली. "विशीत? तोवर कोण राहतंय!" बस चुकली असं सांगावं, तितक्या सपाट आवाजात.

नैराश्य म्हटलं की आपण रडवेला चेहरा शोधतो. पण या वयात ते पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. निदानाच्या निकषांतही मुलांसाठी उदास मनाच्या जोडीला चिडचिडं मन धरलेलं आहे. घरात दार आपटलं की आपलं निदान मात्र तयार: "माजलाय!"

अमेरिकेत अलाबामातल्या मोबील शहरात गरीब वस्त्यांमधल्या सुमारे अडीच हजार मुलामुलींची पाहणी झाली होती. निष्कर्ष २००३ साली आले. जवळपास निम्मे मुलगे आणि पाव हिस्सा मुली बऱ्यापैकी किंवा तीव्र हताश होत्या, आणि हताशेबरोबर मारामारी, नशा, अपघाती जखमा यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मला याचं नवल वाटत नाही. शिक्षेचा धाक चालतो तो उद्याच्या भरवशावर. ज्याच्या हिशेबात उद्याच नाही, त्याला "आयुष्याचं वाटोळं होईल" म्हणून काय घाबरवणार?

हे उलट्या बाजूनेही घडतं. एक चोरी, मग शाळेतून निलंबन, चांगले मित्र दुरावतात, घरी उठता-बसता बोलणी. आधी नसलेलं नैराश्य इथे येऊन चिकटतं. सुरुवात कुठून झाली, हे बऱ्याचदा मलाही सांगता येत नाही.

गैरसमज नको: खचलेली बहुतेक मुलं गुन्ह्याकडे वळत नाहीत. त्यांचा धोका जास्त असतो तो स्वतःलाच. म्हणून "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. आणि उत्तर "हो" आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मदत गाठायची.

त्या मुलाच्या फाइलवर आधी कुणीतरी "उद्धट" असा शेरा मारला होता. तो मी तसाच ठेवला. खाली लिहिलं, "झोप नाही, भूक नाही, पुढचं काही दिसत नाही," आणि तो समोर असतानाच डॉक्टरांना फोन लावला.