हळदीची कॅप्सूल आणि तज्ज्ञांचा शब्द

(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

हळदीच्या कॅप्सूलविषयी सांगलीत बोलायचे असल्यामुळे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या गावाचे आणि हळदीचे नाते मी जाणतो आणि मला ते प्रिय आहे. मार्केट यार्डातले सौदे, हरिपूरची जमिनीखालची पेवे, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन, या सगळ्याचा अभिमान तुमच्याइतकाच मलाही आहे. माझा विषय स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद हा नाही. औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवरून मागवलेल्या पार्सलात जी डबी मिळते आणि जी घेण्याचा सल्ला आपल्याला कोणा ना कोणा जाणकाराने दिलेला असतो, त्या डबीविषयी आणि त्या सल्ल्याविषयी मला बोलायचे आहे.

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी आपल्यापैकी एका काकांनी अशीच एक डबी माझ्या हातात दिली आणि विचारले, "सर, गुडघ्यासाठी घेतोय, चालू ठेवू ना?" डबीवर लिहिले आहे: हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड (करक्युमिन आणि तशीच हळदीतली पिवळी द्रव्ये), सोबत मिरीतले पाइपरिन, दिवसातून दोन कॅप्सूल. पुढच्या बाजूला हिरव्या पानाचे चित्र असून 'हजारो वर्षांची परंपरा' असे शब्द आहेत. मागच्या बाजूला, भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही, असे छापलेले आहे. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर ही सूचना छापणे आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. काका ही कॅप्सूल औषध म्हणून घेत आहेत, सल्ला देणाऱ्याने ती औषध म्हणूनच सुचवली आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र ती अन्नात मोडते.

आता थोडा हिशेब करू. वाळलेल्या हळदीत करक्युमिन आणि त्याच्या जवळची द्रव्ये साधारण दोन ते पाच टक्के असतात. आपण तीन टक्के धरले, तर या एका कॅप्सूलमधले ४७५ मिलिग्रॅम मिळवायला सुमारे सोळा ग्रॅम हळद लागेल, म्हणजे दोन कॅप्सूलना बत्तीस ग्रॅम. आपल्या घरात आमटी, भाजी, लोणचे सगळे मिळून एका माणसाच्या पोटात दिवसाला दोन-तीन ग्रॅमहून अधिक हळद क्वचितच जाते. त्यामुळे ही डबी एका दिवसात दहा-बारा दिवसांच्या हळदीतले करक्युमिन देते, आणि तेही हळदीतले तेल, पिष्ट, तंतू बाजूला काढून.

यानंतर मिरीचा मुद्दा येतो. करक्युमिन नुसते घेतले तर रक्तात जवळपास पोहोचतच नाही, कारण आतडे आणि यकृत त्याचे लगेच रूपांतर करून त्याला बाहेरची वाट दाखवतात. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजक्या निरोगी व्यक्तींना दोन ग्रॅम करक्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पाइपरिन दिले, तेव्हा रक्तात पोहोचणारे प्रमाण वीसपट वाढल्याचे दिसले. जाहिरातीतला 'दोन हजार टक्के' हा आकडा तिथून आला आहे. प्रयोग खरा आहे. मात्र तो काही तासांचा होता आणि त्यात रक्तातली पातळी मोजली होती, कोणाचा गुडघा बरा झाला का हे तपासलेले नव्हते.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. डबीवरचे दोन दावे एकमेकांशेजारी छापलेले असतात: हे हजारो वर्षे खाल्ले जात आहे म्हणून निर्धोक आहे, आणि हे नेहमीच्या हळदीपेक्षा वीसपट शोषले जाते म्हणून गुणकारी आहे. हे दोन्ही दावे एकाच वेळी करता येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव जेवणातल्या हळदीचा आहे, जी फारशी शोषली जात नाही. शोषण मुद्दाम वाढवलेले, ९५ टक्के शुद्ध केलेले द्रव्य महिनोन्‌महिने घेण्याचा अनुभव आपल्या आजी-पणजीकडे नव्हता. त्या अर्थाने ही वस्तू नवी आहे, आणि नव्या वस्तूला नव्या औषधाचे सगळे प्रश्न विचारले पाहिजेत. सल्ला देणारा कितीही मोठा असो, तो परंपरेचा आधार देऊन नव्या वस्तूची हमी देत असेल, तर ती हमी मला मान्य नाही.

परंपरेचा विषय निघाला की हळदीच्या पेटंटची आठवण निघतेच, आणि ती निघावीच. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतले उतारे आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही लढाई मोलाची होती. मात्र त्या खटल्यात सिद्ध झाले ते इतकेच की हा उपयोग नवीन नाही, आम्हाला तो आधीपासून माहीत होता. हळदीने जखम किती भरते, कोणाची भरते आणि किती दिवसांत भरते, हा प्रश्न पेटंट कार्यालयाने विचारलाच नव्हता. 'अमेरिकेनेही मान्य केले' असे जेव्हा एखादा वक्ता सांगतो, तेव्हा कोणती गोष्ट मान्य केली हे विचारणे आपले काम आहे.

वैद्यांच्या सल्ल्याविषयी मला आदराने बोलायचे आहे, कारण या बाबतीत चांगले वैद्य अनेकदा जास्त काटेकोर असतात. चरकसंहितेत हळद कुष्ठघ्न (त्वचाविकारांवरची), लेखनीय (मेद खरवडून कमी करणारी) आणि विषघ्न (विष उतरवणारी) गणांत येते. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने प्रमेहासाठी (मधुमेहासारख्या मूत्रविकारांसाठी) आवळा आणि हळद यांची जोडी सांगितली आहे. म्हणजे त्वचेचे विकार आणि प्रमेह ही तिची जुनी क्षेत्रे. शिवाय वैद्य रोग्याची प्रकृती, अग्नी (पचनशक्ती) आणि ऋतू पाहून मात्रा आणि अनुपान (औषध कशासोबत घ्यायचे ते) ठरवतात. त्या शास्त्राचे नाव घेऊन सगळ्यांना सारखीच, द्रावकाने काढलेल्या अर्काची कॅप्सूल देणे हे त्या शास्त्रालाही धरून नाही, आणि हे मला वैद्यमित्रांनीच समजावले आहे.

आधुनिक वैद्यकाच्या बाजूची स्थितीही सरळ नाही. करक्युमिनवर हजारो शोधनिबंध आहेत, पण त्यांतले बहुतेक काचेच्या नळीतल्या पेशींवरचे किंवा उंदरांवरचे. नळीत करक्युमिन जवळजवळ प्रत्येक प्रथिनाला चिकटते, स्वतः चमकते आणि काही मिनिटांत विघटनही पावते, त्यामुळे चाचणीत खोटा होकार मिळण्याची शक्यता मोठी असते. २०१७ मध्ये अमेरिकेतील औषधी रसायनशास्त्रज्ञांनी हे सगळे साहित्य तपासले आणि, शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही, प्लॅसिबोशी (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीशी) तुलना करणारी एकही दुहेरी-अंध चाचणी (कोणाला काय दिले हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही माहीत नसते अशी) यशस्वी म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. त्यातच करक्युमिन आणि कर्करोग या विषयातल्या एका अतिशय गाजलेल्या संशोधकाचे अनेक निबंध, त्यांतल्या चित्रांबद्दल आक्षेप आल्यामुळे, नियतकालिकांनी मागे घेतले. त्या निबंधांच्या आधारावर ज्यांनी भाषणे केली आणि पुस्तके लिहिली, त्यांची भाषणे मात्र अजून ऐकली जातात आणि पुस्तके अजून विकली जातात. कर्करोगाच्या रुग्णाच्या नातेवाइकांना कोणी 'संशोधनाने सिद्ध' म्हणून ही डबी देतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण ती माणसे आशेवर पैसा आणि वेळ दोन्ही घालवत असतात.

तरीही २०१७ चा तो निष्कर्ष मला गुडघ्याच्या बाबतीत थोडा जास्त कडक वाटतो. थायलंडमध्ये २०१४ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला आयबुप्रोफेन हे वेदनाशामक १२०० मिलिग्रॅम असे चार आठवडे दिले, आणि वेदना दोन्ही गटांत जवळपास सारख्याच कमी झाल्या. तिथे प्लॅसिबोचा गट नव्हता, आणि गुडघेदुखी चढते-उतरते, त्यामुळे काहीही न देता किती उतरली असती हे त्या चाचणीतून कळत नाही. ही त्रुटी ऑस्ट्रेलियातील टास्मानियातल्या २०२० च्या चाचणीत नव्हती. सत्तर रुग्ण, बारा आठवडे, अर्ध्यांना अर्क आणि अर्ध्यांना दिसायला तशीच कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांच्या वेदना शंभराच्या मोजपट्टीवर सुमारे नऊ अंकांनी जास्त उतरल्या. पण एमआरआयमध्ये सांध्यातल्या सुजेत आणि कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात) काही फरक दिसला नाही. म्हणून मी असे म्हणेन की काही लोकांना थोडासा आराम मिळत असावा. कूर्चा पुन्हा तयार होते, ऑपरेशन टळते, या दाव्यांना मात्र मला आधार सापडत नाही. 'सूज कमी होते' हे वाक्यही सगळीकडे चालत नाही: कॅनडात महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या ६०६ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे करक्युमिन दिले, तेव्हा दाहाची मोजमापे कमी झाली नाहीत, उलट मूत्रपिंडाला तात्पुरती इजा होण्याचे प्रमाण दहावरून सतरा टक्क्यांवर गेले. हा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग अस्थिरोगतज्ज्ञ "माझ्या रुग्णांना फरक पडतो" असे म्हणतात, ते खोटे बोलतात का? मुळीच नाही. रुग्ण त्यांच्याकडे येतो तेव्हा गुडघा सर्वांत जास्त दुखत असतो, त्यानंतर तो बहुधा थोडा उतरतोच. शिवाय ज्यांना उपयोग झाला नाही ते अनेकदा डॉक्टर बदलतात, त्यांचे सांगणे पहिल्या डॉक्टरांच्या कानावर जात नाही. हाडे जोडण्यात आणि सांधा बदलण्यात त्यांचा हात कितीही कसलेला असला, तरी कॅप्सूलचा गुण अनुभवातून ओळखणे कोणालाच अवघड आहे. आपल्या यार्डात खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय बोली लावत नाही, समोरचा अडत्या कितीही ओळखीचा असो. आणि अडत्यालाही त्यात अपमान वाटत नाही. तज्ज्ञाला आपण तसेच विचारावे: हे माणसांवर तपासले आहे का, माझ्यासारख्या वयाच्या माणसांवर का, कशाशी तुलना करून, याच मात्रेत का, किती दिवस, आणि डबी विकणाऱ्याशी आपला काही संबंध आहे का. चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही.

आता धोक्याचे बोलतो, आणि इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारे संशोधकांचे जाळे आहे. त्यांनी हळदीच्या पूरकांमुळे झालेल्या दहा घटना तपासल्या. सगळ्या २०११ नंतरच्या होत्या आणि त्यांतल्या सहा २०१७ नंतरच्या. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे काही माणसे जन्मतःच या इजेला जास्त बळी पडतात. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीनमध्ये मिरीतले पाइपरिनही होते. इटलीने अशाच घटनांनंतर या पूरकांवर इशारा छापायला लावला, आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकाने २०२३ मध्ये जाहीर सूचना काढली. घेणाऱ्या लाखो लोकांच्या मानाने ही संख्या लहान आहे आणि कोणी घाबरून जाऊ नये. पण ज्यातून मिळणारा फायदाच थोडा आहे, त्यासाठी किती धोका पत्करायचा हे ज्याचे त्याने माहिती घेऊन ठरवले पाहिजे.

आपल्या वयात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे इतर गोळ्या. पाइपरिन करक्युमिनला ज्या वाटेने वाढवते, त्याच वाटेने ते काही औषधेही वाढवते; फिटसाठीचे फेनिटॉइन आणि रक्तदाबासाठीचे प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळी वाढल्याचे दिसले आहे. न्यूझीलंडमध्ये वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचे पूरक सुरू केल्यावर त्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप) दहाच्या वर गेला, म्हणजे रक्तस्राव कधीही व्हावा अशी स्थिती. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही डबी उघडू नका. पित्ताशयात खडे असतील तरीही नको, कारण करक्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते.

डबी दिलेल्या काकांना मी इतकेच सांगितले: स्टेंट बसवलेला असल्यामुळे तुमच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा तूर्त थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना ही डबी दाखवा, नुसते नाव सांगू नका. ज्यांना अशी कोणतीही गोळी चालू नाही आणि तरी घ्यायचीच आहे, त्यांनी पाइपरिन नसलेली घ्यावी, दोन-तीन महिन्यांत फरक कळला नाही तर बंद करावी, आणि भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी थांबून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. अशा वेळी आपल्याकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आणखी एक झाडपाला पोटात घेण्याची पद्धत आहे, ती कृपया टाळा, कारण मूळ कारण चालूच राहते. डॉक्टर औषधांची यादी विचारतात तेव्हा घरचे लोक 'ते काय, हळदच आहे' म्हणून डबीचा उल्लेख करत नाहीत. तो करायला हवा. आणि त्रास झालाच, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, त्यावर रुग्णाला स्वतःलाही कळवता येते. डबी आणि उरलेल्या कॅप्सूल तोपर्यंत फेकू नयेत.