टाइट एंड कितव्या राउंडला घ्यायचा? नंबरापेक्षा अंतर बघा

नमस्कार मंडळी! ऑगस्ट लागला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, "ताई, यंदा एक नंबरचा टाइट एंड कोण?" एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, सप्टेंबरात सुरू होते, त्याआधी ऑफिसाऑफिसांत फँटसीचे ड्राफ्ट लागतात (दर राउंडला प्रत्येकाने एकेक खरा खेळाडू आपल्या कागदी टीममध्ये घ्यायचा, मग त्यांच्या खऱ्या खेळावर पॉइंट मिळतात), आणि न्यू जर्सीतल्या एडिसनपासून हिंजवडीपर्यंत आपली बरीच मंडळी ऑफिसच्या टीममधल्या कुणीतरी बोलावलं म्हणून त्यात उतरतात. म्हणून आज फक्त टाइट एंड.

अगदी थोडक्यात: हा गडी लाइनच्या टोकाला उभा राहतो, कधी ब्लॉक करतो म्हणजे समोरच्याला अडवतो, कधी पळत जाऊन पास पकडतो. ब्लॉकिंगचे फँटसीत शून्य पॉइंट. दहा यार्डांना एक पॉइंट, टचडाउनला (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीत नेला की) सहा, आणि पीपीआर लीग असेल तर प्रत्येक कॅचला आणखी एक. बहुतेक लीगमध्ये टाइट एंडची जागा एकच असते. झालं, पुढे चला.

आता मुद्द्याचं. "एक नंबर कोण" या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही, कारण एक आणि दोनमध्ये अंतर किती, हे तो नंबर सांगत नाही. २०२२ चा ट्रॅव्हिस केल्सी घ्या. ११० कॅच, १,३३८ यार्ड, १२ टचडाउन. पीपीआरमध्ये साधारण ३१६ पॉइंट. त्याच्या मागे टी. जे. हॉकन्सन, ८६ कॅच, ९१४ यार्ड, ६ टचडाउन, म्हणजे २१३ च्या आसपास. शंभर पॉइंटांची दरी! सतरा सामन्यांत वाटली तर दर सामन्याला सहा पॉइंट, म्हणजे समोरच्यापेक्षा दर वेळी एक टचडाउन जास्त. अशा माणसाला पहिल्या राउंडमध्ये उचललं तरी पैसा वसूल.

आता २०२४ बघा. रुकी (पहिल्याच वर्षाचा) ब्रॉक बावर्स, ११२ कॅच, १,१९४ यार्ड, ५ टचडाउन. ट्रे मॅकब्राइड, १११ कॅच, १,१४६ यार्ड, आणि पकडलेले टचडाउन फक्त २. जॉर्ज किटल, ७८ कॅच, १,१०६ यार्ड, ८ टचडाउन. फुल पीपीआरमध्ये, म्हणजे कॅचला पूर्ण एक पॉइंट धरून, नुसत्या रिसीव्हिंगचे हिशेब मांडा: बावर्स २६१, मॅकब्राइड २३८, किटल २३७. मागचे दोघे खांद्याला खांदा लावून. आता कॅचचा पॉइंट काढून टाका. किटल १५९ वर, बावर्स १४९ वर, आणि मॅकब्राइड थेट १२७! खेळाडू तेच, सामने तेच, पण किटल-मॅकब्राइडमधलं एका पॉइंटाचं अंतर बत्तीसवर गेलं आणि पहिला नंबरही बदलला. म्हणून "ताई, नुसती लिस्ट टाका ना" अशी कमेंट आली की माझा जीव कासावीस होतो. अहो, तुमच्या लीगमध्ये कॅचला किती पॉइंट आहेत हे कळल्याशिवाय मी कुठली लिस्ट टाकू? लीगच्या सेटिंगमध्ये जा, स्कोरिंगवर टॅप करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

जाता जाता टचडाउनबद्दल. सॅम लापोर्टाने २०२३ मध्ये रुकी असताना १० टचडाउन केले. पुढच्या ड्राफ्टला लोकांनी त्याला फार वर नेलं, आणि २०२४ ला कॅच ८६ वरून ६० वर आले, टचडाउन ७. खेळाडू चांगलाच आहे. पण टचडाउन वर्षावर्षाला हलतात. त्यापेक्षा त्याच्याकडे पास किती फेकले जातात ते बघा, टीममध्ये तो पहिल्या-दुसऱ्या पसंतीचा आहे का ते बघा.

परत अंतराकडे येते, कारण खरी गंमत ड्राफ्टच्या टेबलावर आहे. आमच्या लीगचा ड्राफ्ट एका सहकाऱ्याच्या बेसमेंटमध्ये होतो, भिंतीवर मोठा बोर्ड, नावांचे स्टिकर. कुणीतरी एक टाइट एंड चिकटवला की लगेच दुसरा, तिसरा. खोलीत घबराट पसरते आणि माणसं चांगले रिसीव्हर (मुख्यतः पास पकडणारे खेळाडू) सोडून टाइट एंडच्या मागे धावतात. तेव्हा बोर्डाकडे नीट बघा. समजा बारा जणांची लीग, स्नेक ड्राफ्ट (एका राउंडला क्रम सरळ, पुढच्याला उलटा), तुमचा पिक म्हणजे निवडीची पाळी दहावी. तिसऱ्या राउंडला तुम्ही ३४ वर, चौथ्याला ३९ वर. मधले चार पिक फक्त दोघांचे, अकराव्या आणि बाराव्याचे. त्या दोघांनी टाइट एंड आधीच घेतला असेल, तर ३४ वर बिनधास्त रिसीव्हर घ्या, तुमचा टाइट एंड बहुधा ३९ पर्यंत तिथेच असतो. उलट १५ (तुमचा दुसरा राउंड) आणि ३४ च्या मध्ये अठरा पिक जातात. तिथे वाट बघायची असेल तर याच तोलाचे आणखी तीन-चार जण बोर्डावर शिल्लक हवेत.

"दोन टाइट एंड घेऊ का?" हेही बरेच जण विचारतात. पहिला वरच्या फळीतला असेल तर घेऊ नका. बाय वीकला (त्याच्या टीमच्या सुट्टीच्या आठवड्याला) वेव्हरवरून, म्हणजे कुणी न घेतलेल्यांतून, एक उचला, ती बेंचची (राखीव) जागा रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला द्या, तिथे दुखापती जास्त होतात.

कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: लीगमध्ये किती जण, कॅचला किती पॉइंट, तुमचा पिक कितवा. एवढं असेल तर मी प्रत्येकाला उत्तर देईन.