व्हूप्समध्ये रेस सोडू नका!

नमस्कार मंडळी! मातीतल्या बाइक-शर्यतीच्या गेमवरचा मागचा व्हिडिओ वळणांवर होता आणि खाली प्रश्न आले ते सगळे व्हूप्सचे. "ताई, वळण जमलं, पण व्हूप्समध्ये तिसऱ्या उंचवट्याला पडतो." "ताई, चौथ्याला पडतो." पहिल्याला पडणारं जवळपास कोणी नाही, सगळे मध्येच पडताय. पडण्याचं कारण त्यातच आहे, म्हणून आज फक्त व्हूप्स.

व्हूप्स म्हणजे एकामागे एक रचलेले मातीचे उंचवटे. सुपरक्रॉसच्या, म्हणजे स्टेडियममधल्या मातीच्या शर्यतीच्या, ट्रॅकवर साधारण दहा-बारा, प्रत्येक तीनेक फूट उंच. हे तुम्हाला माहीत आहे. सरळ रेषेत या, बहुतेक ट्रॅकवर तिसरा गिअर, रायडर उभा, वजन मागे, पुढच्या ब्रेकला हात नाही. हेही माहीत आहे. गिअर ऑटोमॅटिकवर असेल तर मॅन्युअल करा, नाहीतर गाडी नेमकी मधल्या उंचवट्यावर गिअर बदलते. झालं, पुढे.

आता मुद्दा. मध्ये रेस सोडायची नाही.

रेस म्हणजे थ्रॉटल. कंट्रोलरवर उजवा ट्रिगर. तुम्ही म्हणाल, "आम्ही सोडतच नाही." मीही हेच म्हणायचे. कित्येक आठवडे एकाच ट्रॅकवर अडकले होते. वेळ चांगली येत होती, पण व्हूप्स आले की दोन सेकंद तिथेच जात. सस्पेन्शन बदललं, गाडी बदलली, ४५० सीसीची सोडून २५० सीसीची घेतली. एकदा धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. त्याला या गेममधलं काही कळत नाही. तो स्क्रीनकडे बघतच नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. पाच-सहा लॅप झाल्यावर म्हणाला, "ताई, गाडी हलायला लागली की तुझं बोट वर येतंय." मी मान्यच करेना. मग त्याने मोबाइलवर माझ्या हाताचा व्हिडिओ काढून दाखवला. दुसऱ्या उंचवट्यावर गाडीचं मागचं चाक थोडं सरकलं आणि बोट ट्रिगरवरून अर्धं उठलं. क्षणभरच. पुढच्या उंचवट्यावर मी जमिनीवर. मला ते जाणवलंच नव्हतं. भीतीने बोट आपोआप उठतं, मंडळी. हातावर कॅमेरा लावून एकदा बघाच.

एवढ्याशा क्षणाने गाडी का पडते? रेस सुटली की इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं, वजन पुढे येतं, पुढचं सस्पेन्शन दबतं, गाडीचं तोंड खाली जातं. एरवी सपाट रस्त्यावर काही बिघडत नाही. इथे पुढे खळगा असतो आणि खळग्यानंतर लगेच पुढच्या उंचवट्याची भिंत. पुढचं चाक खळग्यात उतरतं आणि त्या भिंतीवर आदळतं. रायडर हँडलवरून पुढे. रेस चालू असताना नेमकं उलटं होतं. वजन मागे राहतं, पुढचं चाक हलकं राहतं, ते माथ्यावरून माथ्यावर जातं.

दुसऱ्या बाजूने बघा. व्हूप्समध्ये गाडी बराच वेळ हवेत असते, निदान मागचं चाक तरी. ज्या गेममध्ये फिजिक्स नीट आहे, म्हणजे एमएक्स बाइक्ससारख्या, तिथे हवेत रेस दिली की मागचं चाक जोरात फिरतं आणि गाडीचं तोंड वर येतं. मागचा ब्रेक मारला की तोंड खाली येतं. खऱ्या गाडीवरही असंच. म्हणजे हवेत रेस सोडली तर तुम्ही स्वतःच गाडीचं तोंड खाली ढकलताय, तेही पुढची भिंत समोर असताना.

आणि तिसरी खूण, कानांनी पकडायची. तुमचा रिप्ले लावा आणि डोळे मिटून फक्त इंजिन ऐका. जो नीट निघतो त्याचा आवाज सलग गुरगुरत जातो, थोडा वर-खाली होतो. जो पडतो त्याच्या आवाजात एक फट असते. ती फट पडण्याच्या एक उंचवटा आधी असते. मला पाठवलेल्या रिप्लेंमध्ये मी बहुतेक वेळा चित्र न बघता सांगते, इथे सुटली.

आता कोणीतरी टाइप करत असेल, "म्हणजे फुल पिळायची ना?" नाही! माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी "फुल रेस आणि मागे झुका, बस" असं लिहून जातं, आणि नवीन मुलं ते वाचून उताणी पडतात. सोडायची नाही म्हणजे पिळून धरायची असं नाही. अर्ध्यापासून पाऊणपर्यंत ट्रिगर, आणि तेवढ्यातच थोडं कमी-जास्त. तोंड खूप वर आलं तर थोडी कमी, खाली जातंय तर थोडी जास्त. शून्य कधीच नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये ट्रिगरचा डेड झोन, म्हणजे दाबूनही काही होत नाही तो सुरुवातीचा भाग, कमी करा, म्हणजे मधली जागा बोटाला सापडते. कीबोर्डवर खेळणाऱ्यांना मी खरंच सांगते, ही मधली जागा तिथे नसतेच. एखादा कंट्रोलर मिळवा.

"मागे झुका" हेही अर्धवट सांगितलं जातं. १९८४ च्या एक्साइटबाइक या गेममध्येही गाडी पुढे-मागे कलवता यायची, पण २००९ ला एमएक्स व्हर्सेस एटीव्ही रिफ्लेक्स आला तेव्हा हँडल कंट्रोलरच्या एका स्टिकवर आणि रायडरचं अंग दुसऱ्या स्टिकवर गेलं. मला ती कल्पना अजून फार आवडते, कारण तिथे अंग वेगळं हलवायला शिकावंच लागतं. तर, उजवी स्टिक पूर्ण मागे घ्यायची ती पहिल्या उंचवट्याच्या आधी. पुढचं चाक जमिनीवरून थोडं सुटून पहिल्या माथ्यावर टेकलं पाहिजे. चाक उंचवट्याला लागल्यावर मागे झुकलात तर उशीर झाला. आणि एकदा आत शिरलात की स्टिक थोडी सैल करा, मध्याच्या जरा मागे. शेवटपर्यंत पूर्ण मागे धरली की मागचं चाक डावी-उजवीकडे मारायला लागतं, तुम्ही घाबरता, आणि बोट उठतं. परत तिथेच आलो, बघा.

वेग का हवा? हळू गेलात तर चाकाला प्रत्येक खळग्यात उतरायला वेळ मिळतो. वेग असला की चाक खाली उतरायच्या आत पुढचा माथा येतो.

सेटअप, म्हणजे गाडीची सगळी सेटिंग, मागणारे खूप आहेत. "ताई, तुमची सेटअप फाइल द्या." फाइल देणार नाही, कारण तुमची गाडी आणि सवय वेगळी. एकच गोष्ट बघा, रिबाउंड. सस्पेन्शन दबल्यावर किती लवकर परत उघडतं ते. ते फार संथ असेल तर एका उंचवट्याचा मार बसल्यावर पूर्ण उघडायच्या आत दुसरा बसतो, मग तिसरा, आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. पहिले चार छान, पाचव्याला धडाम, असं होत असेल तर रिबाउंड एक-दोन क्लिक वेगवान करा. गाडी मागून उडवत असेल तर उलटं. एका वेळी एकच बदल, मग पाच लॅप.

शर्यतीच्या शेवटी व्हूप्स खणून निघाले असतील, जिथे गेममध्ये माती बदलते तिथे, तर वरून सरकत जाण्याचा हट्ट नको. दोन-दोन करून उड्या मारा. हळू वाटतं, पण पडण्यापेक्षा कितीतरी जलद.

सराव असा करा. गेममध्ये रिवाइंड असेल तर व्हूप्सच्या मध्यावर नाही, आधीच्या वळणाच्या सुरुवातीला परत जा. वळणातून वाकडं बाहेर आलात तर पुढचं सगळं वाकडं जातं. आधी फक्त पहिले तीन उंचवटे नीट पार करा, वेळेकडे बघूच नका.

आणि रेस सोडायची कधी? शेवटच्या माथ्यावरून मागचं चाक निघालं की. पुढचं नाही, मागचं. मग अंग पुढे, गाडी सपाट होऊ द्या, आणि आता दोन्ही ब्रेक, कारण समोर वळण आलेलं असतं.