बिननावाचा पट्टा

(मिरामार, गोवा. जुलैची सकाळ. गढूळ समुद्र, किनाऱ्यावर फेस.)

मासेमारीबंदी चालू आहे, ट्रॉलर जेटीला बांधलेत. समुद्रावर आता फक्त वाऱ्याचा अंमल.

हा वारा निघालाय विषुववृत्ताच्या पलीकडून. मादागास्करच्या पूर्वेला, मास्कारेन बेटांच्या बाजूला हवेचा दाब जास्त. इकडे राजस्थान आणि पाकिस्तानच्या वाळवंटावर हवा तापून विरळ झालेली, दाब उतरलेला. वारा तिकडून इकडे धावतो. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाचा किनारा गाठतो आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेत थेट आमच्या अंगावर येतो.

मग गोव्यात एखाद्या दिवशी धो धो का कोसळतो? टीव्हीवरचं उत्तर पाठ झालंय: बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा. खोटं नाही. राजस्थानपासून उपसागरापर्यंत असा लांब पट्टा पावसाळाभर असतोच. त्याच्यावरून एखादं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड करत पश्चिमेला निघालं, की हजार किलोमीटरहून दूर असलेल्या गोव्यातही वाऱ्याला जोर चढतो. पण गोव्यापुरती ही अर्धीच गोष्ट.

(नकाशा. पश्चिम किनारा.)

आपला पट्टा वेगळा. किनाऱ्याला लागून, समुद्रावर. कधी गुजरातच्या दक्षिणेपासून केरळपर्यंत, कधी नुसता महाराष्ट्र ते कर्नाटक. दाबातला फरक इतका किरकोळ, की नकाशात सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या समदाब रेषेला जरासा बाक आलेला दिसतो, बस. चक्रीवादळाला नाव मिळतं, वार्ताहर मिळतात. ह्याला हवामान खात्याच्या पत्रकात एक ओळ. आणि आपल्याकडच्या धो धो दिवसांत हात बहुतेक वेळा ह्याचाच.

(चोर्ला घाट. ढग कड्यांना भिडतात.)

बघा, ढग कसे अडलेत. सह्याद्रीवर आदळलेल्या वाऱ्यात चढून जाण्याइतकी ताकद नसेल, तर तो वळून मागे फिरतो आणि किनाऱ्यालगत छोटा भोवरा धरतो. पी. ए. जॉर्ज ह्या हवामानतज्ज्ञांनी १९५६ मध्ये अशा भोवऱ्यांकडे लक्ष वेधलं. भोवरा शंभरेक किलोमीटरचा, दोन-तीन दिवसांचा पाहुणा. ज्या तालुक्यासमोर तो ठाण मांडतो, तिथे आभाळ फाटतं. शेजारच्या तालुक्यात कपडे वाळत असतात.

२००२ साली 'सागर कन्या' हे संशोधन जहाज ह्याच पट्ट्याच्या मागावर अरबी समुद्रात गेलं. मोहिमेचं नाव आर्मेक्स, म्हणजे अरबी समुद्रावरच्या मान्सूनचा प्रयोग. अतिवृष्टी मोजायला शास्त्रज्ञ निघाले आणि नेमका तो जुलै देशभर कोरडा. पाऊस सरासरीच्या निम्म्यावर. पावसाने शास्त्रज्ञांचीही थट्टा करावी, ती अशी.

(वाळपईजवळचं कुळागर. सुपारीच्या झावळ्या निथळतात.)

उपसागराकडचा लांब पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की बिहार-आसामात पाणी, इथे ऊन. ऑगस्ट २०२३ असाच गेला, १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. उलट टोक २३ जुलै २०२१: म्हादई नदी पात्राबाहेर आली, सत्तरी तालुक्यात घरं पडली, शेती गेली.

(स्वयंलेखी पर्जन्यमापक, अगदी जवळून.)

ह्या लेखणीच्या टोकाकडे लक्ष द्या. पाऊस आत साठतो तसतशी लेखणी कागदावर वर चढते. सात, आठ, नऊ. दहा मिलिमीटर झाले की आतलं पाणी आपोआप उपसलं जातं आणि लेखणी सरळ शून्यावर. पुन्हा चढण. जोराच्या पावसाच्या दिवशी कागदावर फणीचे दात उमटतात. दात मोजा, दहाने गुणा, झाला दिवसाचा पाऊस. हा दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो.

किनाऱ्यावरचं मुरगाव आणि सत्तरीतलं वाळपई, दोघांचे आकडे शेजारी ठेवले की घाट काय करतो ते कळतं. सरळ रेषेत अंतर चाळीसेक किलोमीटर, आणि वाळपई दरसाल कितीतरी पुढे. पण बातमीत सत्तरीचा पाऊस म्हणजे वाळपईचा पाऊस, एवढंच. ढग अडतात ते त्याच्याही वर, सुर्ला गावाच्या बाजूला. तिथल्या एकेका वाड्यावरच्या शाळेत साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवता येईल. खर्च फारसा नाही. उघडी जागा हवी, झाडांपासून लांब, आणि रविवारी, चतुर्थीच्या सुट्टीतही साडेआठला येऊन आकडा लिहिणारं कुणीतरी हवं.