आरसी बुक म्हणतं फोर्ड, लोखंड म्हणतं विलीज

(दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाड्यांच्या नंबरांविषयी पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुळशीच्या बाजूला एका घरी मला जीप बघायला बोलावलं होतं. गोठ्याशेजारी, पेंढ्याखाली उभी. आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. आरसी बुकात चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) नंबरापुढे ‘जीपीडब्ल्यू’ आणि मग आकडे. इंजिन नंबरही तोच. नातवाला गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची होती आणि चासीवर नंबर काही सापडत नव्हता.

जीपीडब्ल्यू म्हणजे फोर्डने बांधलेली जीप. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), डब्ल्यू म्हणजे डिझाइन विलीज या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं. विलीजची स्वतःची ती एमबी. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून ६ लाखांहून जास्त गाड्या बांधल्या, आणि मुद्दामच अशा की एकीचा भाग दुसरीला बसावा. रणांगणावर ही मोठी सोय होती. आपली शोधाची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मी नंबर शोधायच्या आधी गुडघ्यावर बसलो आणि रेडिएटरखालचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीचा आडवा दांडा, पाहिला. गोल नळी! फोर्डचा तिथला क्रॉस मेंबर उलट्या पन्हळीसारखा, चौकोनी असतो. गोल नळी विलीजची. म्हणजे कागद फोर्डचा आणि चासी विलीजची.

फोर्डने नंबर डाव्या साइड मेंबरच्या, म्हणजे चासीच्या लांब उभ्या दांड्याच्या, वरच्या अंगाला, इंजिन माउंटिंगजवळ, थेट लोखंडात मारला. विलीजने वेगळी पट्टी रिव्हेटने ठोकली, डाव्या साइड मेंबरच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे. आमच्या जीपला पट्टी नव्हती, रिव्हेटची भोकं मात्र होती. नातू फोर्डच्या जागी घासत बसला होता, तिथे नंबर कधी नव्हताच.

मग इंजिन. ब्लॉकवर नंबर मारायला सपाट उंचवटा असतो, तिथली काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसली. ब्रश लावू देत नाही मी कुणाला. तारेचा तर नाहीच. कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आरटीओत छाप घेतात तशी. जीपीडब्ल्यू, आणि आरसी बुकातलाच आकडा.

आता उलगडा होतो. फोर्ड कारखान्यातच इंजिनावर चासीचाच नंबर मारत असे. विलीजच्या गाडीत मात्र इंजिनाचा आणि चासीचा नंबर मुळातूनच वेगळा. कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये या विलीजमध्ये फोर्डचं इंजिन चढलं. पुढे चासीची पट्टी गेली, आणि नोंद करणाऱ्याने जो नंबर दिसला तोच दोन्ही रकान्यांत लिहिला असणार. त्याला मी दोष देणार नाही. पण आजोबांची जीप ७० वर्षं दुसऱ्याच गाडीच्या नावाने वावरली.

नातवाला कुणीतरी सल्ला दिला होता, कागदावरचा नंबर चासीवर पंच करून टाका, मिटलं. हे करू नका. कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याहून मला जास्त टोचतं ते हे की एका पंचाने त्या लोखंडाची साक्ष कायमची खोटी होते. आणि ते लपतही नाही. आकडा आधीचा असेल तर गंजाचा खड्डा आकड्याची कड खातो; आकडा नंतरचा असेल तर पंचाची रेघ खड्ड्यातून पार जाते. साधं भिंग पुरतं.

डॅशबोर्डवरच्या, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या नुसत्या पितळी-जस्ती पट्ट्यांवरही विसंबू नका. त्यावर नंबर आणि डिलिव्हरीची तारीख असते खरी, पण तशा कोऱ्या पट्ट्या आज नव्या विकत मिळतात, हवी ती तारीख मारता येते. मला विश्वास वाटतो तो क्षुल्लक गोष्टींवर. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवर, ब्रॅकेटवर इंग्रजी ‘एफ’ उमटवला होता. जुना बाजार बुधवारी-रविवारी पालथा घालताना मी बोल्टसुद्धा उलटून बघतो.

बॉनेटवरचा नंबर हा तिसराच. अमेरिकन सैन्यात जीपच्या नंबराची सुरुवात २० ने व्हायची, ब्रिटिशांकडे ‘एम’ ने. आपल्या सैन्याच्या पाटीवर वर टोक केलेला बाण, त्याच्यापुढचे दोन आकडे खरेदीच्या वर्षाचे. यातला एकही चासी नंबर नाही. रंग मात्र एकावर एक चढलेले असतात, म्हणून बॉनेट सरसकट घासून काढण्याआधी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने बोटाएवढी जागा थर थर उतरवा.

मुळशीच्या जीपचं पुढे काय? व्हिंटेजचा नियम २०२१ चा, ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी. वयाचा प्रश्नच नाही. नातवाने नंबर मारला नाही. भोकांचे, क्रॉस मेंबरचे फोटो आणि इंजिनाचा पेन्सिल छाप अर्जाला जोडला. निकाल अजून यायचा आहे.

मला शोधायचंय ते इंजिन कुठे बदललं. पुण्याजवळच्या खडकी, देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपमध्ये नोकरी केलेल्यांची घरं आपल्या आसपासच आहेत. कुणाच्या वडिलांच्या, आजोबांच्या डायरीत गाड्यांचे नंबर असतील, एखाद्या फोटोत मागे जीप उभी असेल आणि बॉनेटवरचा आकडा वाचता येत असेल, तर कृपा करून तो रद्दीत घालू नका. मी आत्ता इथेच थांबतोय, भिंग बरोबर आहे.