अंगठा कशाला दिला?

[दृश्य: पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत. समाजमंदिरासमोर रांग.]

फलकावर लिहिलंय, ‘मोफत दंततपासणी’. रांगेतल्या मावशींच्या कनवटीला मिश्रीची डबी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. बोटावर घ्यायची, हिरड्यांना चोळायची, मगच सकाळचा चहा.

टेबलावर स्टँप पॅड आणि चार पानी संमतिपत्र. तरुण डॉक्टर म्हणतात, ‘मावशी, इथं अंगठा द्या.’ मावशी देतात, शाई पदराला पुसतात आणि विचारतात, ‘दाढ आजच काढणार ना?’

गोम इथंच आहे. आज दाढ निघणार नाही. आज आरसा घालून बघायचं आणि तक्त्यात लिहायचं: किडलेले किती, पडलेले किती, भरलेले किती. हा सर्व्हे आहे. कागदावर तसं छापलंयही, ‘सदर अध्ययनातील सहभाग ऐच्छिक’ वगैरे. अशी मराठी सदाशिव पेठेतही कुणी घरात बोलत नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१९४०च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घातली. एका गटाला दिवसाला २४. दात किडले आणि गोडाचा दोष सिद्ध झाला. दोन जेवणांमध्ये चिकट खाऊ नये, हे आज आपण पोरांना सांगतो, त्यामागे ते दात आहेत. त्या रुग्णांना कुणी विचारलं नव्हतं.

[दृश्य: पुन्हा समाजमंदिर.]

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. माणसांवरच्या संशोधनासाठीची तिची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. वाचता न येणाऱ्याला सगळं समजावताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. माहितीपत्रक घरी न्यायला द्यायचं. मंडळाच्या अध्यक्षांनी हॉल उघडून दिला म्हणून वस्तीचा होकार झाला, असं होत नाही. प्रत्येकाला वेगळं विचारायचं. सात वर्षांपुढच्या मुलालाही, आईवडिलांनी सही केली तरी.

इथं साक्षीदार कोण? डॉक्टरांच्याच गाडीतून आलेला, रांग सांभाळणारा मुलगा.

दुपारी वरिष्ठ डॉक्टरीणबाई येतात, खुर्ची ओढून मावशींशेजारी बसतात. ‘आज फक्त बघणार आहोत. दाढेसाठी दवाखान्याची चिठ्ठी देते. तुम्ही यात नाही म्हणालात, तरी चिठ्ठी मिळणारच.’

मावशी कागदाची घडी घालतात. ‘मग संध्याकाळी सून वाचून दाखवेल. उद्या सांगते.’

अंगठा उठलेलं पान डॉक्टरीणबाई फाडतात. यादीत मावशींच्या नावापुढची जागा कोरी राहते.